कमी करणारा हात

"ऑक्सिजननंच वाचवलं त्याला, आणि छाती खराब केली तीही ऑक्सिजननंच." बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका बापाचं हे वाक्य. मांडीवर सव्वा वर्षाचा मुलगा, त्याच्या नाकाला पारदर्शक नळी, पायाशी छोटा सिलिंडर. मुलगा सत्ताविसाव्या आठवड्यात झाला होता, तेव्हा त्याचं वजन किलोभरही नव्हतं. पुढे कित्येक आठवडे तो काचेत होता. आता घरी कॉन्सन्ट्रेटर आहे, वीज गेली की सिलिंडर लावतात. बापाच्या बोलण्यात कुणाविषयी तक्रार नव्हती. डॉक्टरांनी समजावलेलं त्यानं आपल्या शब्दांत सांगितलं आणि नंबर आला तसा तो मुलाला उचलून आत गेला.

त्या वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. २०२१चा एप्रिल पाहिलेल्या कुणालाही ते पचायला जड जाईल. बोटाला चिमटा लावून आकडा वाचायला आपण सगळे तेव्हा शिकलो. शेजारपाजारी विचारपूस व्हायची ती "सॅच्युरेशन किती?" अशी. माणसं रिकामे सिलिंडर घेऊन रात्र रात्र रांगेत उभी होती. नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि आत उपचार घेणारी माणसं त्यात दगावली, ते तर अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. आकडा चढला की जीव वाचला, उतरला की गेला, एवढंच तेव्हापासून डोक्यात बसलंय. त्याच ऑक्सिजननं एखाद्याचं फुप्फुस खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला बघायचं होतं. ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं, "पुस्तकात नका शोधू. आमच्या वॉर्डात येऊन नुसत्या उभ्या राहा."

वॉर्ड मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावचा. दारावर विशेष नवजात शिशु कक्ष अशी पाटी आहे, पण गावाकडची माणसं त्याला काचंची खोली म्हणतात. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन चढवायचा आणि आत. आत उकडतं. वॉर्मरची ऊब, हातांना चोळायच्या स्पिरिटचा वास, त्यात आईच्या दुधाचा किंचित आंबूस वास. आणि सतत एक आवाज, बुडबुड बुडबुड. बाळाच्या नाकातून निघालेल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेलं असतं. बाळाच्या श्वासाला तेवढ्या पाण्याचा दाब राहतो, म्हणून श्वास सोडल्यावरही फुप्फुसं पूर्ण मिटत नाहीत. यालाच बबल सीपॅप म्हणतात. जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत सीपॅप वापरून दाखवला, त्यानंतर मशीन बरीच बदलली, पण पाण्यात बुडवलेली नळी अजून आहे तशीच आहे.

त्या खोलीत मी जिच्या मागे मागे राहिले, तिला बाकीच्या सगळ्या 'मोठ्या सिस्टर' म्हणतात. वॉर्ड सुरू झाला तेव्हापासून त्या इथंच आहेत. पलंगापाशी आल्या की आधी बाळाची छाती बघतात, मग मॉनिटर, आणि मग हात जातो ब्लेंडरच्या बटणावर. ब्लेंडरला मागून दोन नळ्या येतात, एक हवेची, एक ऑक्सिजनची. समोरच्या गोल बटणावर २१पासून १००पर्यंत आकडे. २१ म्हणजे तुम्ही-आम्ही घेतो ती साधी हवा. १०० म्हणजे निव्वळ ऑक्सिजन. त्यांनी मला पहिल्याच भेटीत एक आकडा सांगितला. "९० ते ९५. वर नाही, खाली नाही. ऑक्सिजनवरच्या कच्च्या बाळाचं सॅच्युरेशन ९० ते ९५." पुढे मी जितक्यांदा गेले तितक्यांदा हे त्यांच्या तोंडून ऐकलं. नव्या मुलींना सांगताना, डॉक्टरांना फोनवर सांगताना, नातेवाइकांना समजावताना. ९० ते ९५.

चार नंबरचं बाळ एकोणतिसाव्या आठवड्याचं होतं. वजन अकराशे ग्रॅम. तालुक्याहून अँब्युलन्सनं आलं तेव्हा चेहऱ्यावर मास्क आणि सिलिंडरचा निव्वळ ऑक्सिजन. वाटेत दोन तास गेले होते. सिस्टरनी उजव्या तळव्याला प्रोब बांधला, मॉनिटरवर आकडा आला १००. बरोबरच्या माणसाचा चेहरा खुलला. सिस्टरचा मात्र पडला. पाच मिनिटांत बाळ सीपॅपवर होतं आणि बटण ६०वर. मग ५५. मग ५०. एकदम खाली आणत नाहीत, कारण एकाएकी ऑक्सिजन तुटला तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि बाळ निळं पडतं. एकेक पायरी, दर वेळी थोडं थांबून आकड्याकडे बघत.

१०० दिसल्यावर वाईट का वाटावं, हे डॉक्टरबाईंनी समजावलं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं आणि मॉनिटर मोजतो ते हिमोग्लोबिन किती भरलं ते. "एसटीत सगळ्या सीटा भरल्या, इतकंच मॉनिटर सांगतो," त्या म्हणाल्या. "मधल्या जागेत किती उभे आहेत, टपावर किती चढलेत, ते त्याला दिसत नाही. १०० आकडा आला की रक्तातला ऑक्सिजन बेताचा असेल किंवा त्याच्या चौपट असेल, दोन्हीकडे दिसणार १००च." म्हणून वरची मर्यादा. आकडा ९५च्या आत ठेवला तर सीटा भरल्यात पण गर्दी उसळलेली नाही, याची खात्री राहते. आणि जे बाळ साध्या हवेवर, २१वर, आपला आपण श्वास घेतंय, त्याचा आकडा ९८ आला तर आनंदच. धोका आकड्यात नसतो, बाहेरून किती ओततोय त्यात असतो. हे इतकं सोपं आहे, तरी मला दोनदा विचारावं लागलं.

ओतलेला ऑक्सिजन रक्तात पोचायच्या आधी सगळ्यात जास्त ज्याला झोंबतो ते फुप्फुसाचं अस्तर. १७७४मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी हा वायू वेगळा काढला, आणि पुढच्याच वर्षी शंका लिहून ठेवली की यात मेणबत्ती लवकर जळून जाते, तसं निरोगी माणसाचंही आयुष्य भराभर जळून जाईल की काय. शंकेचं उत्तर यायला सव्वाशे वर्षं लागली. १८९९ साली बेलफास्टमध्ये काम करणाऱ्या जेम्स लॉरेन स्मिथ यांनी उंदरांना दिवसचे दिवस जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलं आणि त्यांची फुप्फुसं तपासली. न्यूमोनियात सुजावीत तशी ती सुजलेली, घट्ट झालेली. जंतू कुठलाच नाही. त्याआधी १८७८मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी खूप दाबाखालच्या ऑक्सिजननं प्राण्यांना झटके येतात हे दाखवलं होतं, ते पाणबुड्यांच्या कामी आलं. लॉरेन स्मिथ यांचं काम दवाखान्याच्या कामाचं होतं. पण तेव्हा दवाखान्यांत इतका ऑक्सिजन द्यायची सोयच नव्हती. सोय झाली, आणि मग ते आठवायची वेळ आली.

धडधाकट माणसालाही हे चुकत नाही. १९४५ साली अमेरिकेत निरोगी तरुणांना २४ तास श्वासातून निव्वळ ऑक्सिजन दिला. बहुतेकांच्या छातीच्या मधल्या हाडामागे दुखू लागलं, मोठा श्वास घेतला की खोकला येऊ लागला. बंद केल्यावर ते बरे झाले. प्रयोगशाळेतला प्रौढ उंदीर मात्र निव्वळ ऑक्सिजनमध्ये तीन दिवसांच्या आसपास मरतो.

कारण शोधायला आणखी वेळ गेला. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमान यांनी १९५४मध्ये अमेरिकेत काम करताना मांडलं की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या एकाच वाटेनं येतात. पेशीत शिरलेल्या ऑक्सिजनचा थोडा भाग एखादा सुटा इलेक्ट्रॉन पकडून बिथरतो आणि समोर येईल त्याला इजा करतो, पेशीच्या पडद्याला, प्रथिनांना, गुणसूत्रांना. साध्या हवेतही हे चालूच असतं, पण आवर घालायला शरीराकडे खास विकरं असतात. त्यातलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे १९६९मध्ये सापडलं. आता खरी अडचण अशी की बाळाच्या फुप्फुसात या विकरांचा साठा होतो तो गर्भारपणाच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत. आईच्या पोटात ऑक्सिजन फार कमी असतो, तिथं या साठ्याची गरजही नसते. एकोणतिसाव्या आठवड्यात बाहेर आलेल्या बाळाला साधी हवासुद्धा एकदम वाढलेला ऑक्सिजनच असते. त्यात आपण नळी लावतो.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन काही करत नाही असं आपण शाळेत शिकतो. फुप्फुसात तो एक मोठं काम करतो. रक्तात तो फारसा शोषला जात नाही, त्यामुळे वायुकोशात तो भरून राहतो आणि वायुकोश उघडे राहतात. नायट्रोजन काढून नुसता ऑक्सिजन भरला तर तो रक्तात शोषला जातो, मागे काही उरत नाही आणि वायुकोश मिटतात. मिटलेल्या भागातून ऑक्सिजन मिळेनासा झाला की आकडा पडतो, आकडा पडला की कुणीतरी बटण वर फिरवतं, मग आणखी मिटतात. वर आत पाणी साचतं, मेलेल्या पेशींचा थर बसतो आणि दिवस उलटले तर तिथं ताठर, तंतुमय भाग तयार होतो. त्यातून श्वास घ्यायला बाळाला अजून ऑक्सिजन लागतो. औषधानं औषधाची गरज वाढवत न्यायची, असं हे चक्र आहे.

डॉक्टरबाईंनी वॉर्डातून कधीच घरी गेलेल्या एका बाळाचा जुना एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन्ही फुप्फुसं एकसारखी काळी दिसायला हवीत. इथं जागोजागी गोल पोकळ्या आणि त्यांच्या मधून पांढरे जाड पट्टे. १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये विल्यम नॉर्थवे या क्ष-किरणतज्ज्ञांनी अशीच छायाचित्रं ओळीनं लावून पाहिली होती. ती सगळी बाळं अपुऱ्या दिवसांची होती आणि व्हेंटिलेटरवर ८० ते १०० टक्के ऑक्सिजन घेऊन वाचलेली होती. त्यांनी आजाराला नाव दिलं ब्रॉन्कोपल्मोनरी डिसप्लेसिया. आज आपल्याकडे डॉक्टर नुसतं बीपीडी म्हणतात. दोष एकट्या ऑक्सिजनचा नाही, हे डॉक्टरबाई वारंवार सांगत होत्या. व्हेंटिलेटरचा दाब, जंतुसंसर्ग, मुळात कच्चं फुप्फुस, सगळं मिळून हा आजार होतो. "पण यातलं सगळ्यात स्वस्तात, रोज, आपल्या हातानं सावरता येईल असं काय असेल तर ते बटण." आता सीपॅप आणि फुप्फुसं मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंट या औषधामुळे इतकी ताठर फुप्फुसं कमी दिसतात. दिसतं ते वेगळं. वायुकोश बहुतांशी जन्मानंतर तयार व्हायचे असतात, ते तयारच होत नाहीत. थोड्या आणि मोठ्या पोकळ्यांवर मूल वाढतं, सर्दी झाली की दवाखाना, जिना चढलं की धाप. दवाखान्यातल्या बाकावर भेटलेला तो सव्वा वर्षाचा मुलगा यातलाच.

एका संध्याकाळी मी चार नंबरपाशी उभी होते. बाळाचा तिसरा दिवस होता. सर्फॅक्टंट देऊन झालं होतं, बटण ३०वर आलं होतं, आकडा ९३. एवढ्या लहान बाळांना श्वास घ्यायचं विसरायला होतं. एकदम छाती थांबली. ९३चे ८८ झाले, मग ८२. मॉनिटर ओरडायला लागला. ७६. हृदयाचे ठोके मंदावले. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या धाकट्या सिस्टरचा हात थेट बटणाकडे गेला. मोठ्या सिस्टर पलीकडून आल्या, बटणाला हात न लावता त्यांनी बाळाचा तळपाय अंगठ्यानं घासला, मग पाठीवरून दोन बोटं फिरवली. त्यांचा अंगठा त्या तळपायापेक्षा मोठा होता. बाळानं तोंड वाकडं केलं, एक हुंदका, आणि छाती पुन्हा हलू लागली. ८४. ८९. ९१. मला ते सगळं फार लांबलं असं वाटलं. घड्याळात अर्धं मिनिट गेलं होतं.

"बटण फिरवायला माझी ना नाही," त्या धाकटीला म्हणाल्या. "चोळून श्वास आला नाही तर फिरवावंच लागतं. पण वाढवलंस ना, की इथंच उभी राहा. परत होतं तिथं आणल्याशिवाय इथून हलायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाढवायला सगळे धावतात हो मॅडम. कमी करायला कोण परत येतं?"

हेच मला त्या वॉर्डात परत परत घेऊन गेलं. आकडा पडला की अलार्म होतो, धावपळ होते, चार माणसं गोळा होतात. आकडा चढून ९९ झाला तर? वरचा अलार्म ९५च्या पुढे वाजेल असा लावलेला असतो, पण तो सारखा वाजतो म्हणून कुणी तो बंद करून टाकतं. कुणाचा जीव जात नाही, कुणी रडत नाही. बाळ गुलाबी दिसतं. शांत झोपलेलं असतं. त्या शांत गुलाबी बाळाच्या फुप्फुसात काय चाललंय ते महिन्यानं एक्स-रेत दिसतं, आणि तोवर त्या रात्रीची पाळी कुणाची होती हे कुणाच्या लक्षातही नसतं. डोळ्यांचंही तसंच. जास्त ऑक्सिजननं पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. १९४०च्या दशकात आणि १९५०च्या सुरुवातीला श्रीमंत देशांतल्या उत्तमातल्या उत्तम दवाखान्यांनी भरपूर ऑक्सिजन दिला आणि हजारो मुलं आंधळी झाली. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, त्यानंतर कुठे लोक हळूहळू थांबले. म्हणून आता इथल्या प्रत्येक कच्च्या बाळाच्या फाइलवर डोळे तपासायची तारीख लाल पेनानं लिहिलेली असते.

थांबले तेही जरा जास्तच. भीतीपोटी ऑक्सिजनला इतकी कात्री लावली गेली की अंधत्व कमी झालं आणि मरणारी बाळं वाढली. केनेथ क्रॉस यांनी १९७३मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला, की एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळं गेली असावीत. अगदी अलीकडे, २०१०पासून पुढे प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ८५ ते ८९ हा पट्टा ९१ ते ९५शी ताडून पाहिला. खालच्या पट्ट्यात डोळे जास्त वाचले, पण मृत्यूही जास्त झाले. ९० ते ९५ हा आकडा असा दोन्ही बाजूंनी माणसं गमावून मिळालेला आहे. मोठ्या सिस्टरना यातली नावं आणि वर्षं माहीत नाहीत. त्या आकडा सांगतात तेव्हा आवाजात जे असतं, ते माहीत असल्यासारखंच असतं.

यात आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. जन्मतःच न रडलेल्या बाळाला १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा, हा जगभरचा शिरस्ता होता. १९९३मध्ये दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजमधल्या सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांच्याबरोबर अशा बाळांना साध्या हवेवर श्वास देऊन पाहिला. बाळं तितकीच चांगली सावरली. पुढे अनेक देशांत तपासून झालं, आणि २०१०मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या, की पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनं करा. ज्या देशात सिलिंडर पोचत नव्हते, तिथल्या डॉक्टरांनी सिलिंडरवाल्या जगाला हे दाखवून दिलं.

पण वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात रामजी कुणाला माहीत असणार? तिथं चार नंबरची आजी बसलेली असायची, सतरंजी, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. काचेतून तिला आकडे दिसायचे. अक्षरओळख नव्हती तिला, पण आकडे कळायचे. कोविडात तिचा थोरला मुलगा गेला होता, तेव्हाच कळायला लागले. एके दिवशी सिस्टर बाहेर आल्या तशी तिनं त्यांचा हातच धरला.

"बाई, त्येचा ऑक्सिजन कमी का करायलात? पयल्या दिशी शंभर होतं. आता त्र्याण्णव दिसतंय. पैसे लागत असतील तर सांगा, आमी विकू काहीतरी."

सिस्टर तिच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. मला वाटलं आता समजावणी सुरू होईल. त्यांनी विचारलं, "आजी, शेतात युरिया किती टाकता?" आजी म्हणाली, "एकराला एक पोतं." "तीन टाकली तर?" "करपतंय की सगळं." "मग?" आजी गप्प झाली. सगळं पटलं असं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि सिस्टरनी पुन्हा तेवढ्याच सबुरीनं सांगितलं. मला आजीचा अजिबात राग आला नाही. शंभर नसल्यामुळे जिनं एक मुलगा गमावला, तिनं त्र्याण्णववर विश्वास कसा ठेवायचा?

शेतीचा विषय निघाला म्हणून डॉक्टरबाई मोठ्यांच्या वॉर्डाबद्दल बोलल्या. या भागात पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलेले रुग्ण येतात. ते विष फुप्फुसात जाऊन साठतं आणि तिथल्या ऑक्सिजनचाच वापर करून पेशी जाळतं. बाहेरून ऑक्सिजन दिला तर जळण वाढतं. म्हणून सॅच्युरेशन फार घसरेपर्यंत डॉक्टर ऑक्सिजन लावत नाहीत. आपलं माणूस धापा टाकतंय, भिंतीवर ऑक्सिजनचा पॉइंट आहे आणि डॉक्टर लावत नाहीत, हे बघणाऱ्या घरच्यांवर काय गुदरत असेल. व्हेंटिलेटरवरच्या साध्या रुग्णातही ऑक्सिजन शक्यतो ६० टक्क्यांच्या खाली आणायची खटपट असते ती याच कारणानं.

मला या सगळ्यात कुणाला दोषी धरावंसं वाटत नाही, पण एक गोष्ट चीड आणणारी आहे. कमी करायला हात लागतो, आणि हातच कमी आहेत. रात्रपाळीला दोन सिस्टर आणि चौदा बाळं, हा त्या वॉर्डातला मी पाहिलेला हिशेब. दोन सिस्टरना दूध पाजायचं, सलाईन बघायचं, नवीन बाळ घ्यायचं, दर तासाला प्रत्येकाचे आकडे कागदावर चढवायचे. त्यात प्रत्येक बाळाचं बटण दोन-दोन टक्क्यांनी खाली आणायला उभं कोण राहणार? ९० ते ९५ हे वाक्य भिंतीवर चिकटवता येतं. ते पाळायला बाळापाशी माणूस लागतं. शिवाय ब्लेंडर फक्त या खोलीत आहेत. प्रसूतिगृहात नाही, तालुक्याला नाही, अँब्युलन्समध्ये तर नाहीच. ब्लेंडरला दाबाची हवा लागते आणि तिथं फक्त सिलिंडर असतो. सिलिंडर म्हणजे १०० टक्के. इमारती झाल्या, ऑक्सिजनचे प्लांट झाले, २०२१नंतर तर जिल्ह्याजिल्ह्यात झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. हवा मिसळणाऱ्या त्या लहानशा पेटीसाठी मात्र डॉक्टरबाई अजून पत्रं लिहितात.

चार नंबर दहाव्या दिवसापर्यंत २३वर आलं. कॅफीन चालू होतं, त्यानं श्वास विसरणं कमी होतं. दुपारी आईच्या छातीला लावलं की आकडा एकदम स्थिर व्हायचा, बटणाला हातही लावावा लागायचा नाही. आई टाक्यांवर हात धरून खुर्चीत तीन-तीन तास बसायची. ती मॉनिटरकडे बघत नसे, बाळाच्या टाळूकडे बघायची.

शेवटचं मी वॉर्डात गेले ती रात्रपाळी बदलायची वेळ होती. मोठ्या सिस्टर कागद हातात घेऊन धाकटीला एकेक बाळ सोपवत होत्या. "चार नंबर. सीपॅप पाच, ऑक्सिजन २२, सॅच्युरेशन ९४. दिवसभरात एकदाच श्वास अडला, नुसतं चोळून आला. रात्री २१ करून बघ." इतक्यात फोन वाजला. तालुक्याहून बाळ निघालं होतं, अठ्ठावीस आठवड्यांचं. सिस्टरनी फोन खांद्यात धरला आणि रिकाम्या वॉर्मरचं बटण दाबलं.

"प्रोब लावलाय का? कुठल्या हाताला? किती दिसतंय?... शंभर? मग मास्क काढा. नाकातली नळी आहे ना, ती लावा, अर्ध्या लिटरवर ठेवा. आकड्याकडे बघत राहा, पंच्याण्णवला आलं की तिथंच. नव्वदच्या खाली गेलं तर थोडं वाढवा." पलीकडचा माणूस काहीतरी म्हणाला. त्या ऐकत राहिल्या.

"कोण, बाळाचे वडील बसलेत शेजारी? घाबरलेत? बरं. फोन त्यांच्याकडे द्या."